ओझेलियाच्या दारात उभी राहील अशी गाडी

मॉर्न कोकोये या बेटावरच्या डोंगरी गावात ओझेलिया फोंतेनेलला खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर ते एकदाच, आणि तेव्हा ती बेशुद्ध होती.

मार्चमधली गोष्ट. अंगणात पत्र्यावर कोकोच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि ओझेलिया सकाळपासून त्या पायाने चाळवत होती. एका अंगणापलीकडे राहणाऱ्या फिल्बर्टाला पत्र्याच्या कडेला पायांचे दोन तळवे दिसले, आभाळाकडे तोंड करून. फिल्बर्टा एरवी इतकं हळू बोलते की कोंबड्यासुद्धा मान वाकडी करून ऐकतात. त्या दिवशी तिची किंकाळी खाली खाडीपर्यंत गेली. चार गडी धावत वर आले, स्वयंपाकघरातल्या खुर्चीला चादरीने ओझेलियाला बांधलं आणि गुडघेमोडवरून खाली नेलं. मुख्य रस्त्यापासून वरच्या या दोन घरांपर्यंत जो चढ आहे त्याचं हे नाव, आणि ते कुणी गमतीने ठेवलेलं नाही. खाली पोचायला पाऊण तास लागला. आरोग्य केंद्रातल्या नर्सने सलाइन लावलं, "पाणी पीत नाही, जेवत नाही, सदुसष्टाव्या वर्षी सतराचे उद्योग" असं सुनावलं, आणि संध्याकाळी ओझेलिया स्वतःच्या पायांनी चढून घरी आली. येताना चौघांनाही त्यांच्या त्यांच्या दारात उभं करून तिने विचारलं, "खुर्चीचा पाय कुणी मोडला?"

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण टोरांटोत नर्स असलेल्या तिच्या मुलीला, गिस्लेनला, कुणीतरी चादरीत बांधलेल्या आईचा फोटो पाठवला.

"ममी, मी वाद घालायला फोन केलेला नाही," गिस्लेन म्हणाली. तिचं बोलणं हल्ली असंच झालं होतं, सुरीने पाव कापल्यासारखं. "मी येत्या चौदा तारखेला येतेय. रविवारी. त्या दिवशी तुझ्या दारात गाडी उभी पाहिजे. दारात. खाली रमच्या दुकानापाशी नाही. आजारी माणूस दारातून थेट आरोग्य केंद्रात गेला पाहिजे. तसं असेल तर तू तिथे राहा. नसेल तर एकवीस तारखेचं तुझं तिकीट माझ्याकडे आहे."

"परतीचं?"

"एकाच बाजूचं."

ओझेलियाने फोन पालथा ठेवला आणि झाडू घेऊन घर झाडलं. मग पुन्हा झाडलं. टोरांटो तिला ठाऊक होतं. एक हिवाळा ती तिथे राहून आली होती, चौदाव्या मजल्यावर, अकरा आठवडे. बाहेर जाता येईना म्हणून दाराबाहेरच्या लांबलचक बोळात सकाळ-संध्याकाळ येरझाऱ्या घालायची. शेवटी शेजाऱ्यांनी तक्रार केली की एक म्हातारी रोज आमच्या दारावर पाळत ठेवते. परत आली तेव्हा विमानतळावरून घरी येईपर्यंत तिने बसमध्ये उभ्याने प्रवास केला होता, जागा रिकामी असताना.

पायाला भिंगरी तिला जन्मापासूनच. तीस वर्षं शाळेत दोनशे पोरांचं जेवण रांधलं, तेही ओट्याभोवती गोल फिरत. नवरा कथबर्ट केळ्यांचा ट्रक चालवायचा. त्याने तिला कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "बाईचं लक्ष चंचल असतं," म्हणायचा, आणि बोलता बोलता ट्रक ओढ्यात घालायचा. तो गेल्यावर वर्षभरात, एकसष्टाव्या वर्षी, ओझेलिया शाळेच्या मैदानावर बसवाल्याकडून गाडी शिकली आणि लायसन्स घेऊन आली. गाडी मात्र घेतली नव्हती. लायसन्स बायबलात ठेवलं होतं. कुणी पाव्हणं आलं की काढून दाखवायची.

आता हातात अकरा दिवस होते.

गावात एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगितल्यासारखं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, अजून कोकोचा पहिला कप उकळतोय तोवर, लेनर्ड कोळी त्या दिवशीचा समुद्र बुडवून अंगणात हजर. हा माणूस समुद्रावर जितका वेळ असतो तितका वेळ बोलायला मिळत नाही म्हणून जमिनीवर आला की सगळं एकदम बोलतो.

"मा ओझेलिया, पिकअप! ऐक माझं, दुसरं काही बघूच नको. मागे उघडी, पत्रा जाड. आजारी माणूस आडवा झोपवायचा, वरून वारा लागतो, बरं वाटतं. आणि एरवी रिकामी थोडीच ठेवायची? चाळीस घोड्यांचं इंजिन त्यात सहज मावतं."

"कसलं इंजिन?"

"बोटीचं."

"माझी बोट कुठेय?"

"तुझी नाही गं, माझी," लेनर्ड म्हणाला, जसं काही तिलाच इतकं साधं कळत नव्हतं.

तो गेला आणि पास्टर अँब्रोज आले. पास्टरना चढ चढून धाप लागलेली, तरी प्रत्येक शब्द ते प्रार्थनासभेच्या मांडवाखाली असल्यासारखा लांबवतात. "भ-गि-नी ओझेलिया. मी प्रार्थना केली. उत्तर आलं. व्हॅन."

"पास्टर, मी एकटी राहते."

"एकटं कोणीच नसतं, भगिनी. चौदा आसनं."

"तुमच्या गायकवृंदात किती जण आहेत?"

पास्टरनी डोळे मिटले. "तेरा. आणि मी."

पलीकडे फिल्बर्टा कपडे वाळत घालत होती. ओझेलियाने कुंपणावरून ओरडून विचारलं, "आणि तू गं? तुला काय वाहून न्यायचंय? तूही सांगून टाक!"

"मी चालते," फिल्बर्टा म्हणाली, आणि चिमटा लावला.

पण ओझेलियाला बसून विचार करणं जमत नाही. तिला वस्तू हाताने चाळवून बघावी लागते. म्हणून तिने तिघांच्याही गाड्या मागवल्या, तिसरी गिस्लेनने फोटो पाठवलेली. या बेटावर गाडी दुकानात विकत घेत नाहीत. गाडी आपल्या चढावर आणतात. जपानची, पाच मालकांची, देवाघरून आलेली, कुठलीही असो. घेणाऱ्याच्या दारापर्यंत माणसांनी भरून चढली तर बोलणं पुढे सरकतं. आणि वाटेत, सगळ्यात वाईट जागी, ती थांबवून पुन्हा हलवायची. नुसती धावत धावत चढली ते मोजत नाहीत.

गिस्लेनची पसंती आधी आली. पांढरी, छोटी, गिअर आपोआप बदलणारी. शहराबाहेरचा विक्रेता आल्विन ती स्वतः घेऊन आला, पॉलिश केलेल्या बुटांत.

"मॅडम, एकाच बाईच्या हातात होती. फक्त चर्चला जायची. रविवार सोडून तिने हिला सूर्यसुद्धा दाखवला नाही."

"चर्च सपाटीवर होतं का?"

"मॅडम, चर्च हे चर्च असतं."

पाच जण बसले. गुडघेमोडच्या पहिल्याच वळणावर गाडीने पोट जमिनीला टेकवलं आणि असा आवाज काढला की लेनर्डच्या कुत्र्याने उत्तर दिलं. आल्विन खाली उतरला, वाकून बघितलं, बूट पुसले. "रस्ताच चुकीचा आहे," म्हणाला, आणि उलट्या पावली गाडी खाली घेऊन गेला.

पिकअप शनिवारी आली. ओझेलियाने आधी एकटीने चढवून बघितली. मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरली आणि मागून येणाऱ्या पास्टरच्या शर्टावर चिखलाचं जाळं उमटलं. "वजन लागतं हिला!" लेनर्ड ओरडला. "मागे सिमेंटची दोन पोती कायम टाकून ठेवायची! नाहीतर—"

"नाहीतर बोटीचं इंजिन," ओझेलियाने वाक्य पुरं केलं.

व्हॅनचं काय सांगावं. निरफणसाच्या झाडाखाली वळण आहे तिथे ती अडकली, पुढे जाईना, मागे येईना. तासभर चौदा रिकाम्या आसनांसकट ती रस्त्याला आडवी पडून होती. पास्टर खिडकीतून म्हणत होते, "धी-र, भगिनी." शेवटी झाडाची एक फांदी गेली.

उरले सहा दिवस. ओझेलियाचं जेवण उडालं. रात्री ती दोनदा उठून अंगण मोजायची, गाडी कुठे उभी राहील ते बघायला, आणि सकाळी फिल्बर्टाच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. फोनवर गिस्लेन नुसतं विचारायची, "आली?" आणि ओझेलिया म्हणायची, "येतेय." मग घर झाडायची.

मंगळवारी ती खाली नदीकाठी जोसाफात मेकॅनिककडे गेली. या माणसाला कुणी प्रश्न विचारला की तो आधी हात पुसतो. सगळी बोटं, एकेक करून. समोरच्याचा जीव टांगणीला लागला तरी मधलं बोट राहिलं म्हणून उत्तर देत नाही.

"कुठली गाडी चांगली चालते, एवढं सांग," ओझेलिया म्हणाली.

अंगठा. तर्जनी. "चुकीचं विचारतेस, मा."

"मग काय विचारू?"

मधलं. अनामिका. करंगळी. "कुठली मेलीय ते विचार. चल."

त्याने तिला गावातून फिरवलं. ओझेलिया या परसांमधून रोज जायची, पण मेलेल्या गाड्यांकडे तिने कधी नीट पाहिलं नव्हतं. एडमंडच्या घरामागे एक चौकोनी, ठेंगणी गाडी होती. बिनचाकांची, आत कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. "एक," जोसाफात म्हणाला. ओढ्यापलीकडे तशीच दुसरी, बॉनेटमधून अळूची पानं वर आलेली. "दोन." शाळेच्या भिंतीला टेकलेली तिसरी, दारं शाबूत. सात झाल्या. सातही एकाच घाटाच्या, चौकोनी, डब्यासारख्या.

"इतक्या मेल्या म्हणजे गाडी वाईटच ना?"

"मा ओझेलिया, त्या मेल्या नाहीत. मिठाच्या वाऱ्याने पत्रा गेला फक्त. आतलं सगळं जिवंत आहे." त्याने शाळेजवळच्या गाडीच्या दाराची मूठ उघडून मिटून दाखवली. "आल्विनच्या त्या पांढरीचा एक दिवा फुटला तर जपानहून यायला तीन महिने. डब्याचं काहीही मोडलं, की मी संध्याकाळी या सातांपैकी एकीकडे जातो, केळ्याचा एक फणा देतो आणि सुटा भाग घेऊन येतो. ज्या गाडीची भावंडं गावात पुरलेली, तीच घ्यावी. चारही चाकांना जोर आहे, रुंदीला कमी, पोट उंच. दिसायला..." त्याने पुन्हा हात पुसायला घेतले.

"दिसायला काय?"

"दिसायला ती तुला दिसणार नाही. तू आत असशील."

जिवंत डबा पलीकडच्या खोऱ्यात एका शिक्षकाकडे होता, हिरवा, एक दार निळं. बुधवारी चढावर आणला. आता गावाला तमाशाची चटक लागलेली, बसायला माणसं शोधावी लागली नाहीत. लेनर्ड पुढे, मागे पास्टर, जोसाफात, आणि मधे दाबून बसवलेली फिल्बर्टा. ती यायला तयार नव्हती, पण ओझेलियाने तिला दंडाला धरून आत घातलं होतं. स्टिअरिंगवर ओझेलिया. डबा खोकला, पहिल्या गिअरमध्ये गुरगुरला आणि निघाला. पहिलं वळण. निरफणस. दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून गेला. आणि बरोब्बर सगळ्यात वाईट जागी, जिथे रस्ता उभा होतो आणि एका अंगाला दरी, तिथे जोसाफात शांतपणे म्हणाला, "थांब."

ओझेलिया थांबली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद पडलं. आत फक्त पास्टरचा श्वास ऐकू येत होता.

"आता चल."

तिने किल्ली फिरवली, हँडब्रेक काढला, आणि क्लच सोडला तशी गाडी मागे घसरली. हातभर. "येशू!" पास्टर म्हणाले, या वेळी अजिबात न लांबवता. लेनर्डने दार उघडून एक पाय बाहेर काढला.

"पाय आत घे!" ओझेलिया ओरडली. "मी तुझ्या बोटीतून कधी उडी मारली?"

दुसऱ्या वेळी तिने इंजिनाला इतकं पेटवलं की खालच्या झाडावरचे पोपट उडाले, मग हँडब्रेक सोडला. डबा थरथरला, चारही चाकांनी माती पकडली आणि माणसांच्या ढिगासकट वर निघाला. दारात जाऊन उभा राहिला. ओझेलिया उतरली, भोवती दोन फेऱ्या मारल्या, निळं दार उघडून आपटलं. "घेतली," म्हणाली.

रविवारी तिने विमानतळावर जाऊन गिस्लेनला आणलं, दीड तास जाऊन, दीड तास येऊन. मुलगी वरचा दांडा धरून बसली होती. गुडघेमोडवर तर तिने डोळेही मिटले. पण डबा चढला, आणि दारात थांबला, दारात.

"बघ," ओझेलिया म्हणाली. "आली ना?"

गिस्लेन उतरली. तिने सामान खाली ठेवलं नाही. मागचं दार उघडलं, आसन पुढे दुमडलं, आत वाकून हाताने लांबी मोजली. नर्सच ती. मग वळली. "छान आहे. आजारी माणूस झोपू शकतो. आता सांग, तू इथे अंगणात पडलीस. चालवणार कोण?"

अकरा दिवस गावाने गाडी निवडली होती. पिकअप, व्हॅन, मेलेल्या सात, सगळं बघून झालं होतं. हा प्रश्न एकालाही सुचला नव्हता.

"लेनर्ड," ती घाईने म्हणाली.

"लेनर्ड पहाटे चारपासून दुपारपर्यंत समुद्रावर असतो. तू दुपारनंतरच बेशुद्ध पडणार का?"

"पास्टर—"

"ममी, पास्टर तुला न्यायच्या आधी प्रार्थना करतील. पूर्ण." तिने बॅग आत नेली. "तिकीट एकवीसचं आहे."

ओझेलिया झाडू घ्यायला गेली, आणि मधेच थांबली. कुंपणापलीकडे फिल्बर्टा उभी होती, हातात ओली चादर. वरती घरं दोनच. रात्रंदिवस तिथे माणसंही दोनच.

"नाही," फिल्बर्टा म्हणाली. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"फिल्बर्टा."

"मी चालते."

"मला पाठीवर घेऊन चालशील?"

फिल्बर्टाने चादरीकडे बघितलं. तिचा नवरा सेंट मार्टिन बेटावर कामाला, वर्षातून एकदा येणारा. ओझेलिया गेली तर गुडघेमोडच्या माथ्यावर ती एकटीच उरणार, हे तिला त्या तळव्यांकडे बघतानाच कळलं होतं. त्या रात्री तिने दिवा मालवला नव्हता. "मला ओरडायचं नाही," ती म्हणाली.

"मी कधी ओरडते?" ओझेलिया ओरडली.

सोमवार, मंगळवार शाळेच्या मैदानावर गेले. एकीचं ऐकू येईना, दुसरीचं थांबेना. "क्लच! क्लच म्हणजे डावा! डावा म्हणजे ज्या हाताने तू खोबरं किसत नाहीस तो!" बुधवारी फिल्बर्टा गाडी मैदानातच सोडून चालत घरी गेली, पाऊण तास, एकदाही मागे न बघता. ओझेलिया तिच्या मागोमाग डबा पहिल्या गिअरमध्ये चालवत होती, खिडकीतून माफी मागत, आणि माफी मागता मागता पुन्हा क्लच समजावत. गुरुवारी फिल्बर्टा परत आली. कानात कापूस घालून आली होती. त्या दिवशी तिला गाडी जमली.

शनिवारी गिस्लेनने परीक्षा ठेवली. एकवीस तारीख उद्यावर. तिने आईला मागे आडवं झोपवलं, डोक्याखाली टॉवेल दिला, स्वतः बाजूला उकिडवी बसली. "तू बेशुद्ध आहेस. बेशुद्ध माणूस बोलत नाही. एक शब्द जरी निघाला तरी उद्या विमानात. फिल्बर्टा, चल."

आयुष्यात पहिल्यांदा ओझेलिया शुद्धीत असताना आडवी पडून होती. वरून फक्त पत्रा दिसत होता आणि खिडकीतून सरकणारी निरफणसाची पानं. गाडी हलली. गिअर किरकिरला. ओझेलियाचा डावा पाय आपोआप खाली दाबला गेला. गिस्लेनने तो धरून सरळ केला. वळण आलं. ओझेलियाने ओठ आत ओढून दातांत धरले. गाडी फार बाहेरून जातेय, दरी, दरी आहे तिथे! उजवा हात वर आला. गिस्लेनने तोही धरला. उभ्या उतारावर फिल्बर्टाने ब्रेक दाबला आणि सगळं पुढे सरकलं, टॉवेल, म्हातारी, नर्स. ओझेलियाच्या घशातून एक आवाज निघाला.

"तो शब्द होता का?" गिस्लेनने विचारलं.

ओझेलियाने मान जोरात हलवली. डोळ्यांतून पाणी येत होतं. बेशुद्ध माणूस मान हलवतो का, हे मुलीने विचारलं नाही.

आणि मग गाडी सपाटीला लागली. आरोग्य केंद्रासमोर थांबली तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं झाली होती. केंद्रातली नर्स पायरीवरून धावत आली, मागे डोकावली, ओझेलियाला आडवी बघून छातीवर क्रॉस केला. "पुन्हा?"

ओझेलिया ताडकन उठून बसली. "वळणावर किती बाहेरून घेतलीस! आणि हँडब्रेकचा वास येत नाही का तुला? आणि—"

"ही बरी आहे," नर्स म्हणाली, आणि पुढे गेली. फिल्बर्टाचे हात स्टिअरिंगला चिकटले होते, चेहरा पिठासारखा. नर्सने पट्टा काढून तिचंच प्रेशर बघितलं, भुवया वर नेल्या आणि पाण्याचा पेला आणायला आत पळाली.

गिस्लेनला हसू फुटलं. ती आल्यापासून पहिल्यांदाच हसत होती. हसताना तिचं बोलणं पुन्हा गावासारखं लांबट झालं. "मी तिकीट परत करते, ममी. पण हिला रोज चालवू द्यायची. रोज, ऐकलंस? विसरली तर पुढच्या वेळी मी दोघींना घेऊन जाईन."

"रोज?" ओझेलिया खाली उतरली होती. ती तरातरा पुढे गेली, उजवं दार उघडलं. "बरं, सरक. वर मी घेते, तू दमलीस."

फिल्बर्टाने पाण्याचा पेला संपवला. कानातला कापूस एका बाजूचा काढला, बघितला, परत घातला.

"वर पण मीच," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

ओझेलिया गाडीला वळसा घालून गेली, निळं दार उघडलं आणि बसली.